चंची ते मल्टीटूल, व्हाया भिवंडी

गेल्या महिन्यात एक छोटंसं मल्टीटूल मागवलं. म्हणजे ते खिशात मावणारं, पक्कड, कातर, पातं, स्क्रूड्रायव्हर असं सगळं एकात घडी घालून ठेवलेलं प्रकरण. ऑर्डर दिल्यावर तमाम आयटीवाल्यांप्रमाणे मीही दर दोन तासांनी ट्रॅकिंगचं पान रिफ्रेश करत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे ओळ उमटली : 'आपले पार्सल भिवंडी येथून निघाले आहे'. मला हसूच आलं. मी भिवंडीचा. जन्म तिथला, शाळा तिथली, पहिला मासा गळाला लागला तोही तिथल्याच खाडीत. आणि ज्या कारणासाठी हे यंत्र घेत होतो, तेही भिवंडीतच घडलेलं.

हल्ली तुम्ही मुंबई-ठाण्यात काहीही मागवा, चार्जरपासून चादरीपर्यंत, बहुतेक वेळा ते भिवंडीहूनच येतं. पूर्वी मुंबईत माल आणला की जकात भरावी लागायची. मग व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर, हायवेला लागून, जमीन स्वस्त असलेली जागा शोधली. माणकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा अशा गावांच्या भातखाचरांत पत्र्याची गोदामं उभी राहिली. २०१७ साली जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. ज्या शेतांत पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढायचे आणि पोरं टोपल्या घेऊन धावायची, तिथेच कुठल्यातरी रॅकवर माझं मल्टीटूल महिनाभर पडून असणार. असो.

तर प्रश्न असा होता : मासेमारीला जाताना खिशात एकच वस्तू न्यायची तर कोणती? दोन विकांत मी त्यावर घालवले. बायकोच्या मते एवढ्या वेळात मासे तरी मिळाले असते. पण शोधता शोधता मी भलतीकडेच पोचलो, आणि इतिहासाच्या बाबतीत माझं हे नेहमीचंच आहे.

आधी गरज काय ते सांगतो. गळाने मासे धरणाऱ्याला हत्याराची चार-पाच कामं असतात. तंगूस कापायचा. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तंगूस म्हणजे नायलॉनची ती पारदर्शक दोरी.) शिशाचं वजन दाबून दोरीवर बसवायचं. गाठ पडली की सोडवायची. माशाच्या घशात अडकलेला गळ काढायचा. आणि शिंगाळा लागला तर त्याच्या पाठीवरचा आणि दोन बाजूंचे काटे आधी मोडायचे, कारण ते करवतीसारखे दातेरी असतात, विषारी असतात आणि एकदा हातात घुसले की रात्रभर झोप नाही. यातल्या किती कामांना 'चाकू' लागतो? नीट पाहिलं तर एकालाही नाही. कातर लागते, टोकदार काहीतरी लागतं आणि पक्कड लागते. ही गोष्ट माझ्या आजोबांना ठाऊक होती असं मला आता वाटतं.

आजोबांच्या कमरेला चंची असायची. आजच्या वाचकाने चंची पाहिली असण्याची शक्यता कमी, म्हणून सांगतो. कापडाची लांबट, कप्पेवाली पिशवी, गुंडाळून दोरीने बांधायची. एका कप्प्यात पानं, एकात सुपारी, एकात तंबाखू, चुन्याची डबी, काताचा तुकडा आणि सगळ्यात वजनदार ऐवज म्हणजे अडकित्ता. शिवाय पितळेच्या एका कडीत अडकवलेली तीन बारीक अवजारं : कानकोरणं, दातकोरणं आणि चिमटा. आजोबा खाडीवर बसले की सुपारी कातरायच्याच अडकित्त्याने शिशाच्या पट्टीचे तुकडे पाडायचे, त्यानेच तंगूस कापायचे, आणि दातकोरण्याने गाठी सोडवायचे. (मग तेच दातकोरणं पुन्हा दातांसाठी. आजीचं यावरचं मत इथे देत नाही.) चंची म्हणजे आमच्याकडचं मल्टीटूलच. फक्त सगळी अवजारं एका खिळ्याभोवती फिरत नव्हती, एका कापडात गुंडाळलेली होती.

अडकित्ता हे यंत्र म्हणून फार हुशार आहे. साध्या पकडीत खिळा मधे असतो, एका बाजूला मूठ आणि दुसऱ्या बाजूला जबडा. अडकित्त्यात खिळा टोकाला असतो आणि सुपारी खिळा आणि मूठ यांच्या मधे. खिळ्याच्या जितकं जवळ सरकवाल तितका जोर जास्त. आठवीच्या पुस्तकात तरफेचे प्रकार शिकवताना हे उदाहरण असायचं आणि आम्ही ते पाठ करायचो, पण घरात आजोबा रोज तो प्रयोग करून दाखवत होते याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून दिवे, कुलुपं, दौती, अडकित्ते अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आणि संग्रहालयाला आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. तिथे घोडे, मोर, नक्षीदार जोड्या अशा आकारांचे अडकित्ते आहेत. आयफोनला कव्हर घालणाऱ्यांनी जरूर पाहावेत. पुण्यात नोकरीला असताना मी तिथे तीनदा गेलो, आणि तीनही वेळा काचेपाशी उभा राहून हेच शोधत होतो की यातल्या कुठल्याने तंगूस चांगला कापता येईल.

एका खिळ्याभोवती अनेक अवजारं फिरवायची कल्पनाही जुनीच आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातलं एक रोमन अवजार आहे. चांदीचं, घडीचं. त्यात चमचा, काटा, सुरीचं पातं, एक सुळा, एक उलथणीसारखी पट्टी आणि दातकोरणं. म्हणजे रोमन माणसालाही जेवणानंतर जी अडचण व्हायची ती आजोबांच्या चंचीत होती, आणि ती आजही अनेक स्विस चाकूंच्या मुठीत खोचलेली असते. अठराशे वर्षांत एक फीचर कुणी काढून टाकलं नाही. आमच्याकडे तीन वर्षं जुनं फीचर दिसलं की लगेच 'डेप्रिकेटेड'चा शिक्का बसतो.

एकोणिसाव्या शतकात हे वेड इंग्लंडातल्या शेफील्ड गावात शिगेला पोचलं. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या तिथल्या कारखान्याने १८२२ साली १,८२२ पात्यांचा एक चाकू बनवला, आणि पुढे दर वर्षी एक पातं वाढवायचं ठरवलं. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनीच ७५ पात्यांचा आणि अवजारांचा 'नॉरफोक चाकू' केला. खिशात मावायचा तर प्रश्नच नाही. फीचर क्रीपचा इतिहास कुणी लिहिला तर पहिलं प्रकरण शेफील्डवर असावं. गंमत म्हणजे त्याच १८५१ साली हर्मन मेलव्हिलची 'मोबी डिक' आली, आणि त्या देवमाशाच्या कादंबरीत जहाजावरच्या सुताराची तुलना शेफील्डच्या अशाच अनेक अवजारांच्या चाकूशी केलेली आहे. स्क्रू फिरवायचा असेल तर माणसाचा तेवढाच भाग उघडा, अशा अर्थाची. कौतुक आहे की टोमणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कंपन्यांच्या 'फुल स्टॅक डेव्हलपर पाहिजे' अशा जाहिराती वाचताना मात्र तो सुतार हटकून आठवतो.

शेफील्डचा उल्लेख मी उगाच केला नाही. माझ्या वडिलांकडे एक चाकू होता. त्याच्या पात्यावर 'शेफील्ड' असं कोरलेलं होतं असं ते सांगतात. मुंबईच्या चोरबाजारातून घेतलेला, शिंगाच्या मुठीचा, दोन पात्यांचा. खरा होता की कुणी नुसता ठसा मारलेला, ते आता कळायचा मार्ग नाही. का नाही, ते पुढे सांगतो.

बाबा यंत्रमागावर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो. भिवंडीतला प्रॉडक्शन सपोर्टच म्हणा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप कधी रीतसर संपलाच नाही. गिरण्यांचं बरंच काम भिवंडीसारख्या गावांतल्या मागांवर सरकलं. आमच्या गल्लीत दिवसरात्र खटखट. बाबांना बारा-बारा तासांच्या पाळ्या. खिशात पाना, कातर, सुतळीचा गुंडा. धोट्याच्या टोकाचं लोखंड झिजलं की घासून द्यायचं, फणीत तार वाकली की सरळ करायची. सुट्टी मिळाली की मात्र गळ घेऊन थेट खाडी. याच परिसरात शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर आपली पहिली जहाजं बांधायला घेतली, हे आम्हाला शाळेत अभिमानाने सांगायचे. बाबांना त्या खाडीत फक्त शिंगाळे, बोईट आणि नशीब असेल तर जिताडा दिसायचा.

मे १९८४. मी चार वर्षांचा होतो, त्यामुळे हे सगळं नंतर ऐकलेलं. बाबा संध्याकाळी खाडीवरून परत येत होते. हातात बादली, बादलीत मासे, खिशात तो चाकू. वाटेत माणसं उलट दिशेने पळताना दिसली. कुणीतरी ओरडून सांगितलं की गावात दंगल पेटली आहे, घरी जा. भिवंडीला हे नवीन नव्हतं. १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून जी दंगल झाली, तिच्यावर न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला होता, आणि तेव्हा काय काय पाहिलं ते मोठी माणसं आमच्यासमोर बोलायची नाहीत. बाबा तिथेच थांबले. बादली खाली ठेवली. चाकू काढला आणि लांब खाडीत फेकून दिला.

का फेकला, असं मी मोठेपणी विचारलं होतं. त्यांनी दोन कारणं दिली. एक, नाक्यावर झडती झाली आणि खिशात चाकू सापडला तर मासे कापायचा आहे हे कोण ऐकणार. दुसरं कारण सांगायला त्यांनी वेळ घेतला. म्हणाले, "रस्त्यात कुणी अंगावर आलं असतं, तर मी तो उघडला असता. आणि अंगावर येणारा कदाचित आपल्याच कारखान्यातला असता."

त्यानंतर आमच्या घरात खिशातला चाकू आला नाही. मासे कापायला विळी होती, आणि विळी कुणी खिशात घालून फिरत नाही.

आता स्वित्झर्लंडकडे वळू, कारण खिशातल्या चाकूचा सरकारी इतिहास तिथे सुरू होतो. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने १८८४ साली इबाख गावी चाकूंचा छोटा कारखाना काढला. स्विस सैन्याने १८८९ साली नवी रायफल घेतली, आणि ती खोलायला स्क्रूड्रायव्हर लागायचा. शिवाय शिपायांना डबाबंद जेवण मिळू लागलं होतं, म्हणजे डबा फोडायला काहीतरी हवं. मग पातं, डबाफोडणी, स्क्रूड्रायव्हर आणि एक टोच्या अशा चार अवजारांचा सैनिकी चाकू ठरला. गंमत म्हणजे पहिली ऑर्डर जर्मनीतल्या झोलिंगेनला गेली, कारण तेवढे चाकू करण्याची ताकद स्विस कारागिरांत नव्हती. एल्सनरने १८९१ साली स्वतःचे चाकू सैन्याला द्यायला सुरुवात केली आणि जर्मन मालाच्या किमतीशी झुंजताना जवळजवळ दिवाळं निघायची वेळ आली. त्याला तारलं ते १२ जून १८९७ ला नोंदवलेल्या 'ऑफिसर चाकू'ने. त्यात युक्ती अशी होती की एकच स्प्रिंग दोन्ही बाजूंच्या अवजारांना धरून ठेवते. दोन स्प्रिंगांवर सहा अवजारं. कमी वजनात जास्त काम. मला कोड रिव्ह्यूला असं काही आलं तर मी उभा राहून टाळ्या वाजवीन. आईच्या निधनानंतर १९०९ साली त्याने कारखान्याला तिचं नाव दिलं, व्हिक्टोरिया. १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद आलं, त्याचं फ्रेंच नाव 'इनॉक्स' पुढे जोडलं, आणि झालं व्हिक्टोरिनॉक्स. 'स्विस आर्मी नाईफ' हे नाव मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन शिपायांचं, ज्यांना जर्मन नाव उच्चारता येईना.

या कंपनीचं 'फिशरमन' नावाचंच एक मॉडेल आहे. त्यात एक लांब पट्टी असते : एका कडेने खवले काढायचे, टोकाने माशाच्या तोंडातला गळ सोडवायचा आणि पट्टीवर मासा मोजायचे आकडे. (मासा मोजून खोटं बोलणं अवघड जातं, त्यामुळे हे फीचर आपल्याकडे चालणार नाही.) चाकू सुंदर आहे. पण त्यात पक्कड नाही. आणि पकडीशिवाय काय होतं ते मला माहीत आहे.

१९९१ चा दिवाळीच्या सुट्टीतला दिवस. मी अकरा वर्षांचा. दिवे-अंजूरकडे खाडीकाठी बाबांबरोबर बसलो होतो. गळ कशाततरी अडकला म्हणून मी हिसका दिला, तो सुटून उलटा आला आणि माझ्या अंगठ्यात घुसला. गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो, हे आपण माशाच्या बाजूने कधी विचारात घेत नाही. आत जाताना काही वाटत नाही, बाहेर ओढला की मांस घेऊन येतो. मानवाने ही युक्ती फार आधी शोधली, हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या उत्खननांत तांब्याचे गळ मिळालेले आहेत. तेव्हाही कुणाच्या तरी पोराच्या अंगठ्यात तो गेला असणारच.

अशा वेळी करायचं असं की गळ मागे न ओढता पुढेच ढकलायचा, टोक कातडीतून बाहेर आलं की काट्याचा भाग पकडीने तोडायचा, आणि उरलेला गळ आल्या वाटेने मागे घ्यायचा. बाबांना हे माहीत होतं. त्यांच्याकडे तोडायला काही नव्हतं. कारखान्यातली अवजारं कारखान्यात, आणि खिशात काही धारदार ठेवायचं नाही हे सात वर्षांपूर्वी ठरलेलं. तंगूस त्यांनी दाताने तोडला. मग अंगठ्यातून लोंबणारा गळ घेऊन आम्ही बांधाबांधाने चालत निघालो. पाऊण तास असेल, मला तो दिवसभराचा वाटला. पहिली खटखट जिथे ऐकू आली त्या शेडमध्ये बाबा शिरले आणि तिथल्या जॉबरकडे पक्कड मागितली. त्या गृहस्थांनी माग बंद केला. माझं मनगट त्यांनी धरलं आणि बाबांनी गळ ढकलला. मी किंचाळलो ते मागांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. 'कट्' असा आवाज मात्र मला ऐकू आला, तो अजून येतो. मग धनुर्वाताचं इंजेक्शन वगैरे. त्या रात्री आईने विचारलं, "तुमचा तो चाकू कुठे गेला?" आणि सात वर्षं न सांगितलेली १९८४ ची गोष्ट बाबांनी तिला सांगितली. मी झोपलोय असं दोघांना वाटत होतं.

पक्कड नाही म्हणून अडलेला आणखी एक माणूस होता, टिम लेदरमन. १९७५ साली हा अमेरिकन इंजिनियर बायकोबरोबर एका जुन्या फियाट ६०० मधून युरोपात आणि पुढे पश्चिम आशियात फिरत होता. गाडी सारखी बंद पडायची, हॉटेलातले नळ गळायचे, आणि खिशात होता स्काउटांचा साधा चाकू. प्रत्येक वेळी एकच चडफड : पक्कड हवी होती. त्याने पुठ्ठ्याचं मॉडेल कापलं. घरी परतल्यावर बायकोला म्हणाला, महिन्याभराचं काम आहे. पहिला धड नमुना व्हायला तीन वर्षं लागली. (आमच्या मॅनेजरला ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. तो हसला नाही.) १९८० मध्ये पेटंट मिळालं, पण चाकूवाले म्हणाले हे अवजार आहे, आणि अवजारवाले म्हणाले हा चाकू आहे. अखेर १९८३ साली स्टीव्ह बर्लिनर या मित्राबरोबर कंपनी काढून त्याने 'पॉकेट सर्व्हायव्हल टूल' बाजारात आणलं. वर्षाला चार हजार खपले तर पुरे, अशी अपेक्षा होती. पहिल्या वर्षात तीस हजारांच्या आसपास खपले. आज ज्याला आपण मल्टीटूल म्हणतो, मधे पक्कड आणि मुठींत बाकी सगळं, तो आकार तिथून आला.

म्हणजे बाबांनी चाकू खाडीत टाकला त्याच्या आदल्याच वर्षी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, त्यांना हवी होती ती वस्तू तयार झाली होती. भिवंडीत पोचायला तिला बराच वेळ लागला, आणि आता तीच भिवंडीहून सगळीकडे जाते.

कायद्याचंही बघून ठेवलं, कारण आमच्या घरात हा विषय नाजूक. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरगुती, शेती वा उद्योगाच्या कामाची त्यातून वगळलेली आहेत. मल्टीटूलचं पातं जेमतेम दोन-अडीच इंच, म्हणजे तिथे अडचण नाही. पण महाराष्ट्राच्या १९५१ च्या पोलीस कायद्यात ३७ वं कलम आहे. तणावाच्या काळात जमावबंदीबरोबर जो आदेश निघतो तो बहुधा याखालचा. त्यात बंदुका, तलवारींच्या जोडीला चाकू आणि काठ्याही आहेत. मासे धरायला निघालेल्या माणसाकडे यातल्या दोन वस्तू असतातच. तेव्हा आदेश लागू असेल त्या दिवशी गळ घरीच. (आणि विमानात हे हातातल्या बॅगेत नेऊ नका, एवढं तरी लक्षात ठेवा.)

आता निवड. युनिक्सवाल्यांचं जुनं तत्त्व आहे, डग मॅकिलरॉयने १९७८ साली मांडलेलं : एका प्रोग्रामने एकच काम करावं आणि ते चांगलं करावं. त्या हिशेबाने मल्टीटूल हे पापच. पण छोट्या यंत्रांत जागा कमी पडते तेव्हा लिनक्सवालेही बिझीबॉक्स वापरतात, ज्यात शेकडो कमांड एका फाइलमध्ये कोंबलेल्या असतात. खिसा म्हणजे छोटं यंत्र. जागेची टंचाई आली की तत्त्व थोडं वाकवावं लागतं.

मी पाहिलं ते असं. पातं असलं काय नि नसलं काय, कातर मात्र हवीच, कारण ओला तंगूस पात्याखालून निसटतो. जबडा निमुळता हवा, नाहीतर माशाच्या तोंडात शिरत नाही. फार छोटी, किल्लीच्या जुडग्यात अडकवायची मॉडेल्स दिसायला गोड असतात. मित्राकडून तसं एक आणून घरी प्रयोग केला. काल्हेरच्या बाजूला बोयटासाठी वापरतो तो बारीक गळ त्याने दोन्ही हातांनी दाबल्यावर तुटला. जिताड्याचा जाड गळ तोडायला गेलो, तर गळ तसाच आणि जबड्यावर खाच. (मित्राला अजून सांगितलेलं नाही.) गळाचं पोलाद मुद्दाम कडक केलेलं असतं, त्यामुळे ज्या पकडीची कापायची धार खिळ्याच्या अगदी जवळ आणि जाड आहे, तीच घ्यायची. पुन्हा तोच आजोबांचा अडकित्ता!

दुसरी गोष्ट गंज. 'स्टेनलेस आहे' असं दुकानदार सांगतो आणि आपण विश्वास ठेवतो, कारण घरातला डबा वीस वर्षं गंजलेला नाही. पण डब्याचं आणि पात्याचं पोलाद वेगळं. १९१३ साली शेफील्डमध्येच (बघा, परत शेफील्ड!) हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होता, आणि जवळपास १३ टक्के क्रोमियमचं त्याचं पोलाद गंजेना. क्रोमियमची हवेशी संयोग होऊन एक अतिपातळ साय धरते, ती आतल्या लोखंडाला वाचवते. भांड्यांच्या पोलादात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, पण ते तापवून कडक करता येत नाही, धार टिकत नाही. धारेसाठी कार्बन लागतो, आणि कार्बन त्या क्रोमियमपैकी काही स्वतःशी बांधून घेतो. म्हणजे पातं जितकं धारदार ठेवायचं तितकी गंजाची भीती जास्त. त्यात खाडीचं मिठाचं पाणी ती साय जागोजागी फोडतं. उपाय साधा आहे : घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, उघडून सुकवा, खिळ्यावर खोबरेल तेलाचा थेंब. बाबा मागाच्या सुट्या भागांना हेच करायचे, फक्त तेल मशीनचं.

एक गोष्ट सांगायची राहिली. १९८८ च्या सुमारास भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. दोन्ही बाजूंची साधी माणसं, माग चालवणारी, दुकानवाली, पोलिसांबरोबर नियमित बसायची, बोलायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. बाबा आमच्या भागातल्या बैठकांना जायचे. चहाची तक्रार करत यायचे, पण जायचे. ९३ च्या उन्हाळ्यात त्यांनी माशांच्या पिशवीत पहिल्यांदा एक अवजार ठेवलं. पक्कड. चाकू नाहीच.

ती पक्कड अजून आहे, मुठीवरचं लाल प्लास्टिक पार निघून गेलेलं. गेल्या रविवारी आम्ही वज्रेश्वरीच्या पुढे तानसेच्या काठी गेलो होतो. कामवारीत आता गळ टाकण्यात अर्थ नाही, त्या पाण्याचा रंग मागांतल्या कपड्याप्रमाणे बदलतो. बाबांना नवीन मल्टीटूल दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून एक-एक अवजार उघडलं, बंद केलं. जबडा मिटून आकाशाकडे धरला आणि फटीतून उजेड दिसतो का पाहिलं. कातरीने तंगूस कापला, मान डोलावली. पातं शेवटी उघडलं, अंगठ्याने धार बघितली आणि काही न बोलता मिटवलं.

मग मुठीच्या टोकाचं छोटं भोक त्यांना दिसलं. खिशातून सुतळी काढली (ती त्यांच्याकडे असतेच), त्यात ओवली आणि दुसरं टोक माझ्या पट्ट्याच्या लूपला बांधायला लागले.

"बाबा, पडणार नाही हो, खिशात नीट बसतं."

"बांधू दे," ते म्हणाले. "एक मी घालवलाय."